डोंगरावरच्या उश्या

गल्लीने उशीताईकडे पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा ती हवेत होती.

झालं असं, की एक गिऱ्हाईक उसवलेली उशी काखेत मारून दुकानात आलं आणि उंबऱ्यातूनच ओरडायला लागलं, "ही काय शिवण म्हणायची? डोकं टेकलं नि कापूस बाहेर!" वडील नुकतेच गेले होते. गाद्या-उश्यांचं ते दुकान दोघी बहिणींच्या गळ्यात पडलं होतं आणि गल्लीतल्या शहाण्यासुरत्यांनी त्याला मनातल्या मनात कुलूपही घालून टाकलं होतं. थोरलीने उशी हातात घेतली, शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "ही आमची नाही. टाके लांब आहेत." गिऱ्हाईक काही ऐकेना. मग तिने आपली एक गादी ओढत नेऊन रस्त्याच्या मधोमध टाकली, तिच्यावर आपली एक उशी ठेवली, तरातरा पोटमाळ्यावर चढली, कपडे खोचले आणि पोटमाळ्याच्या खिडकीतून सरळ उडी मारली.

समोरचा चष्मेवाला तेव्हा एका चष्म्यात काच बसवत होता. ती काच त्याला पुन्हा सापडली नाही.

ती उठली, खालची उशी उचलून सगळ्यांना दाखवली. एक टाका हलला नव्हता. "हिला म्हणतात शिवण," ती म्हणाली आणि केस सारखे करत आत गेली. तेव्हापासून लोक तिला तोंडावर उशीताई म्हणत आणि पाठीमागे उडीताई. तिला दोन्ही नावं माहीत होती. त्यातलं दुसरं तिला जास्त आवडायचं.

पुढची वीसेक वर्षं दुकान छान चाललं. गल्ला आणि बोलणं धाकटीकडे, कापूस आणि दाभण थोरलीकडे. उशीताईच्या केसांत कायम कापसाचा एखादा पुंजका अडकलेला असे, आणि तिचे हात एखाद्या पैलवानाचे असावेत तसे मनगटापासून कोपरापर्यंत घट्ट होते. माणसाकडे बघताना ती आधी त्याच्या मानेकडे बघे. "तुम्हाला पातळ लागेल," किंवा "तुम्ही कुशीवर झोपता," असं ती अनोळखी माणसालाही सांगून टाकी, आणि ते खरं निघे म्हणून बायका जरा लाजत. लग्नाचं दोनदा जुळत आलं होतं. एकाला कापसाने शिंका येत. दुसरा म्हणाला, मी उशी घेतच नाही. "ज्याला उशी लागत नाही त्याला बायको तरी कशाला हवी?" असं म्हणून ताईने तो विषय गुंडाळून माळ्यावर टाकला, तो टाकलाच.

आणि मग एका बाजाराच्या दिवशी डोंगराचा रखवालदार दुकानात आला.

गावाच्या मागे जो डोंगर आहे, त्याच्या अगदी वरच्या भागात, जिथे झाडं संपतात आणि नुसते दगड आणि वारा उरतो, तिथे हा माणूस उन्हाळाभर एका खोलीत राहायचा. तिथल्या फुलांची राखण आणि मोजदाद हे त्याचं काम. त्यातही एका फुलझाडावर त्याचा फार जीव. ते झाड उभं वाढत नाही. बारीक बारीक पानं एकमेकांना इतकी घट्ट चिकटून वाढतात, की सगळं मिळून दगडांमध्ये एक हिरवा, गोल, फुगीर गोळा दिसतो. उन्हाळ्यात त्याच्यावर गुलाबी फुलं येतात, बर्फात ते झाकून जातं, आणि वर्षानुवर्षं तेच झाड तिथेच जगतं. पुस्तकात त्याला लांबलचक नाव आहे, पण वर काम करणारी माणसं त्याला सरळ 'उशी' म्हणतात. उशीताई जन्मात कधी डोंगरावर गेली नव्हती. तिच्या लेखी उशी एकाच प्रकारची होती, आणि ती तिच्या दुकानात मिळायची.

"ताई," रखवालदार म्हणाला, "गुडघ्याखाली घ्यायला एक लहान उशी हवी होती. दगडांवर गुडघे टेकून काम असतं."

"कसलं काम?"

"उश्या मोजायचं."

ताईचा हात थांबला. "कुणाच्या उश्या?"

"माझ्याच म्हणा. वर शेकड्यांनी आहेत."

"शेकड्यांनी!" ताईने धाकटीकडे पाहिलं. धाकटीने गल्ल्यावरचे हात काढून हनुवटीखाली घेतले. तिला मजा दिसू लागली होती. "आणि ठेवता कुठे एवढ्या?"

"ठेवायच्या कुठे? उघड्यावरच असतात."

"पावसात?"

"पावसात, वाऱ्यात. वर्षातले बरेच महिने तर बर्फाखाली."

"कुजत नाहीत?"

"छे."

"उसवत नाहीत?"

"एकही नाही, ताई." रखवालदाराचा चेहरा एकदम उजळला. आजवर कुणी त्याला उश्यांबद्दल इतकं विचारलं नव्हतं. "सगळ्यात जुनी तर शंभरीच्या पुढची आहे. अजून हात दाबलात तर तुमच्या हाताला ऊब लागेल."

"आत काय भरलंय?"

"त्यांचीच जुनी पानं."

"पानं," ताई म्हणाली. दाभण तिने खोळीत असं खुपसलं की ते आरपार निघालं. "बरं. पुढच्या बाजाराला या. तुमची उशी तयार असेल. ती फक्त कापसाची असेल हो. पानं आम्ही भरत नाही."

तो गेला आणि धाकटी गादीवर आडवी पडून हसली. "गं ताई, तुझ्यापेक्षा भारी कारागीर वर बसलाय! शंभर वर्षं म्हणे!"

"थापा मारतोय."

"थापाड्या माणसाची मान बघितलीस इतकी निरखून?"

"मान चांगली आहे," ताई म्हणाली आणि कापूस पिंजायला लागली. "मानेचा काय दोष?"

पुढचे कितीतरी बाजाराचे दिवस तो येत राहिला. कधी म्हणे उशी जरा उंच झालीय, कधी म्हणे जरा बुटकी. उशी मापाला अगदी बरोबर होती, हे ताईला माहीत होतं आणि धाकटीला तर पाठ होतं. तो वरच्या उश्यांबद्दल बोलायचा आणि ताई त्याला उलटसुलट प्रश्न विचारून पकडायला बघायची. अभ्रा कसला? गुलाबी फुलांचा, पण फक्त उन्हाळ्यात. फुलं सगळीकडे सारखी? नाही, उन्हाच्या बाजूला आधी येतात. असला अभ्रा असतो का कुठे! रात्री अंथरुणावर पडलं की तिला तीच उशी दिसायची. आणि खरं सांगायचं तर, उशीमागे उभा असलेला माणूसही दिसायचा. या वयात हे काय, म्हणून ती कूस बदलायची, आणि त्या कुशीवरही तो असायचा.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी तिने पुन्हा एकदा 'दुरुस्त' केलेली ती लहान उशी पिशवीत घातली.

"गिऱ्हाइकाला माल पोचवून येते."

"डोंगरावर?" धाकटी म्हणाली. "घरपोच सेवा कधी सुरू केली आपण?"

"शंभर वर्षांची उशी मला डोळ्यांनी बघायचीय. खोटी निघाली तर तोंडावर सांगून येईन."

"आणि खरी निघाली तर?"

ताई आरशासमोर गेली. केसांतला कापसाचा पुंजका तेवढा काढला.

वाट आधी उंच, सरळ झाडांच्या जंगलातून गेली. मग झाडं आखूड होऊ लागली. खांद्याएवढी, मग कमरेएवढी, मग गुडघ्याएवढी, आणि शेवटी काही झाडं तर जमिनीवर आडवीच पसरलेली, वर चढता चढता दमून लवंडल्यासारखी. त्यानंतर गवत, आणि गवतानंतर नुसते दगड. वारा असा, की तोंड उघडलं तर शब्द मागच्या मागे उडून जावा. इथली सगळी फुलं इतकी बुटकी, की ताईला वाटलं कुणी तरी ती जमिनीवर नुसती शिंपडून गेलंय. आभाळ अगदी डोक्याला लागत होतं. तिला हलकं हलकं वाटू लागलं, पाय कापसाचे झाले, आणि कारण नसताना एकदम फिस्सकन हसू आलं. वरच्या विरळ हवेत काही माणसांचं डोकं दुखतं, काहींना मळमळतं. उशीताईला हसू येतं, हे तिला तोवर ठाऊक असायचं कारण नव्हतं.

दम लागला होता. समोर दगडांच्या मधोमध एक छान, गोल, हिरवीगार फुगीर जागा दिसली, वर गुलाबी ठिपके. किती सोय केलीय, असं म्हणत ती हुश्श करून तिच्यावर बसली.

"उठा! उठा आधी! आजीबाईंवर बसलात तुम्ही!"

रखवालदार खडकामागून धावत येत होता. इतका मोठा आवाज त्या माणसात होता हे डोंगरालाही माहीत नसावं. ताई टुणकन उठली. तिने मागे पाहिलं, खाली पाहिलं, स्वतःभोवती एक गिरकी घेतली. "अगं बाई! कुठायत? लागलं का त्यांना?"

"तुमच्या पायाशी!"

हिरव्या गोळ्यावर ताईच्या बसण्याचा खळगा स्पष्ट उमटला होता.

"ही?"

"ही."

"अहो, पण ही तर उशी आहे!"

"मग इतके दिवस मी काय सांगत होतो?"

ताईने गुडघे टेकले. सवयीने हात पुढे गेला आणि तळवा त्या हिरव्यावर अलगद दाबला गेला. खरंच आत ऊब होती. वर बोचरा वारा, आणि आत एखाद्या निजलेल्या पोराच्या मानेखाली असते तशी ऊब. तिने कडेची पानं बोटाने जरा बाजूला केली. जुनी पानं आतच राहिली होती, एकावर एक, गच्च. पानांनी भरलेली उशी. एक शब्द खोटा नव्हता.

"आणि ही धरून कशाने राहिलीय?" तिने विचारलं.

"एकच मूळ आहे. मधोमध, खोलवर गेलेलं. तेवढ्यावर सगळी उशी. ही आमची सगळ्यात जुनी, म्हणून आजीबाई." रखवालदार पलीकडून गुडघ्यांवर बसला होता आणि उशीखाली बोटं सरकवून चाचपत होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "वर्षाला केसाएवढी वाढते. मूळ दुखावलं असेल, तर वाळेल."

"मधला टाका," ताई पुटपुटली. गादीला मधोमध जो खोल टाका घालतात तो तुटला की काय होतं, हे तिच्यापेक्षा जास्त कुणाला कळणार होतं? "तुटला का?"

"आत्ता नाही कळायचं. पुढच्या उन्हाळ्यात फुलं आली तर वाचली म्हणायची."

ताईला सांगायचं होतं, मला फार वाईट वाटतंय. मला घाबरायला झालंय. तिने तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते हसू. थांबवायला गेली तर दुप्पट आलं. तोंडावर हात दाबला तर नाकातून आलं.

"हसण्यासारखं काय आहे यात?" रखवालदाराने विचारलं.

"नाही हो... मी... आजीबाईं... वर..." आणि पुन्हा हसू.

तो उठला. टोपी घट्ट केली. "अंधार पडायच्या आत खाली उतरा, ताई," एवढंच म्हणाला आणि पाठ फिरवून निघून गेला. ताईने त्याची उशी एका दगडावर ठेवली, वर दुसरा दगड ठेवला, आणि हसत हसत डोंगर उतरायला लागली. झाडं कमरेएवढी झाली तिथे हसू थांबलं. खांद्याएवढी झाली तिथे रडू आलं.

"काय झालं वर?" धाकटीने विचारलं.

"मी त्यांच्या आजीवर बसले."

धाकटीने गल्ला बंद केला. तिने हळूच विचारलं, "मग... म्हातारी कशी आहे?"

"पुढच्या उन्हाळ्यात कळेल."

सगळा प्रकार उलगडून सांगितल्यावर धाकटी इतकी हसली की तिला पाणी पाजावं लागलं. पण ताईचा चेहरा बघून तिने हसू आवरतं घेतलं. कारण रखवालदार पुढच्या बाजाराला आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मग डोंगरावर बर्फ पडलं, आणि तो हिवाळ्यापुरता दूरच्या रोपवाटिकेत कामाला निघून गेला. ताईच्या मनाने पक्कं धरलं, की आजीबाई वाचल्या तर हा माणूस परत दुकानाची पायरी चढेल, नाहीतर नाही. आणि तिला आता तो चढायला हवा होता. हे तिने स्वतःशी एकदा स्पष्ट शब्दांत म्हणून पाहिलं आणि घाबरून भराभर दोन खोळी भरून टाकल्या.

तो हिवाळा दुकानाला चांगलाच बाधला. एका उशीत दोन उश्यांचा कापूस गेला आणि ती दारातून बाहेर निघेना. एक गिऱ्हाईक येऊन म्हणालं, "मावशी, उशीत काहीतरी टोचतं हो." उघडून बघितली तर आत ताईची कात्री. ती रोज समोरच्या चष्मेवाल्याच्या पायरीवर उभी राहून डोंगराकडे बघे. तिथून माथा जरा बरा दिसायचा.

"लांबचं दिसेल असा एखादा चष्मा द्या की हो," ती एकदा म्हणाली.

"उशीताई, तुमच्या दुकानात मघापासून दोन गिऱ्हाइकं उभी आहेत ती तुम्हाला दिसत नाहीत," चष्मेवाला म्हणाला, "आणि तुम्हाला डोंगरावरचं फूल बघायचंय!"

अखेर बर्फ वितळलं, वाटा मोकळ्या झाल्या. एका सकाळी ताई उठली ती ठरवूनच. "मी जाऊन बघून येते. काय असेल ते असेल." या वेळी तिने माल नेण्याचा बहाणासुद्धा केला नाही.

ती जंगलातल्या चढणीने वर गेली. आणि त्याच सकाळी, हंगाम सुरू होताच वर परतलेला रखवालदार गाडीरस्त्याने खाली आला. दोघांची वाटेत गाठ पडायचं काही कारणच नव्हतं.

वर पोचेपर्यंत ताईला हसू यायला लागलं होतं, पण आता तिने त्याला अडवलं नाही. हसतच ती दगडांवरून गेली आणि हसतच थबकली. आजीबाई फुलल्या होत्या. उन्हाच्या बाजूला तर पान दिसत नव्हतं, इतकं गुलाबी. एक भुंगा इकडून तिकडे असा लुडबुडत होता, जणू त्याला कुठून सुरुवात करावी कळेना. ताई बसली होती तिथे अजून जरासा खळगा होता. त्यातही फुलं होती, थोडी कमी. तिने गुडघे टेकून ती निरखून पाहिली, मग उठून खोलीकडे धावली. खोलीला बाहेरून कडी. "अहो!" तिने हाक मारली. वाऱ्याने ती पलीकडच्या दरीत नेऊन टाकली.

तेवढ्यात खाली गल्लीत रखवालदार धापा टाकत शिरला होता. "आजीबाई फुलल्या! आजीबाई फुलल्या!"

चष्मेवाला दारात आला. "कुणाच्या आजीबाई? डॉक्टरला दाखवलं का?"

"ताई कुठायत?" रखवालदाराने दुकानात डोकं घालून विचारलं.

"वर," धाकटी म्हणाली.

तो पोटमाळ्याची शिडी चढायला लागला.

"अहो, त्या वर नाही! तुमच्या वर! डोंगरावर!" तो तसाच वळून पळायला निघाला, तेव्हा धाकटीने त्याच्या सदऱ्याचं टोक पकडलं. "बसा इथे गपचूप. तुम्ही वर गेलात की ती खाली येईल, आणि असं करत दोघंही म्हातारे व्हाल. चहा घ्या." आणि तिने त्याला दुकानातल्या सगळ्यात उंच गादीवर बसवलं, जिथून पाय जमिनीला टेकत नव्हते आणि पळून जाणं अवघड होतं.

दुपार कलली तेव्हा ताई धावत आत आली, गालांवर वाऱ्याचे लाल चट्टे, केसांत गवताची काडी. गादीवर बसलेल्या माणसाला बघून ती जागच्या जागी थांबली.

"फुलल्या!" दोघं एकदमच म्हणाले.

"तुम्ही बसला होतात तिथे जरा कमी आहेत," रखवालदार म्हणाला. त्याला खोटं बोलणं जमतच नव्हतं.

"पाहिलं मी. आणि हो, तेव्हा मी तुम्हाला हसले नव्हते. मला हवा चढली होती."

"हवा?"

"आजही चढली. विचारा तुमच्या आजीबाईंना. मला वर गेलं की हसूच येतं, काय करू?"

रखवालदाराने हे नीट ऐकून घेतलं. त्याचे खांदे, जे वर्षभर कानांपर्यंत चढलेले असावेत, ते हळूहळू खाली आले. "म्हणजे मी उगाचच..." तो म्हणाला. "मला वाटलं, माझ्या कामालाच हसताय. ताई, मी..."

"आता तरी ताई म्हणू नका हो!" धाकटी गाद्यांच्या चळतीमागून ओरडली. "सगळं बिघडवून ठेवाल!"

तो गादीवरून उतरायला गेला, पाय पोचेना, पुन्हा बसला. "वर एक खोली आहे," तो म्हणाला.

"बघितली," ताई म्हणाली. "कडी होती बाहेरून."

"शेगडी चांगली पेटते."

"बरं."

"छप्पर गळत नाही." त्याने जरा विचार केला. "एका कोपऱ्यात गळतं."

"बादली ठेवायची."

"ठेवलीय."

"मग झालं की."

"अगं ताई," धाकटी कपाळावर हात मारत बाहेर आली, "मागणी घालताहेत ते तुला! का छप्पर शिवायला बोलावताहेत, ते तरी विचारून घे!"

रखवालदार लाल झाला. त्याने मान हलवली. ती 'हो' अशी होती. आणि उशीताईला हसू फुटलं, तेच, न थांबणारं. त्याचा चेहरा पुन्हा उतरू लागला तशी तिने घाईघाईने त्याचं मनगट धरलं.

"अहो, हे वरच्या हवेचं नाही," ती कसंबसं म्हणाली. "हे माझं आहे. मी हो म्हणतेय."

चष्मेवाल्याने दारातून विचारलं, "म्हणजे आजीबाई बऱ्या आहेत ना?"

लग्न कचेरीत झालं. सही करताना ताई पुन्हा हसली, आणि सही वाकडी आली म्हणून कारकुनाने दुसरी घेतली. दुसरीही तशीच आली. त्याने ती चालवून घेतली. शिलाई यंत्र रखवालदाराने पाठीवर बांधून वर नेलं, मध्ये तीनदा बसला, आणि प्रत्येक वेळी बसण्याआधी खाली बघितलं.

आता उशीताई उन्हाळ्याचे महिने डोंगरावर नवऱ्याबरोबर राहते आणि हिवाळ्यात खाली दुकान बघते. यंदा तिचा डावा गुडघा जरा दुखत होता, म्हणून ती दोन आठवडे उशिरा वर गेली.